तिसरं मूल आणि गाडीची मागची सीट

महाराष्ट्रात तिसरं मूल झालं की सरपंचपद हातचं जातं. सप्टेंबर २००१ नंतर ज्याच्या घरी तिसरा पाळणा हलला, त्याला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, आणि २००५ च्या नियमांनी सरकारी नोकरीचं दारही तशा माणसाला लावून घेतलं आहे. अमेरिकेत तिसऱ्या मुलापायी कुणाचं पद गेल्याचं ऐकिवात नाही. तिथे जाते ती गाडी. चांगली चालती, हप्ते फिटत आलेली पाच जणांची गाडी विकून सात-आठ जणांची, निम्मं वऱ्हाड मावेल अशी मिनीव्हॅन दारात आणावी लागते. सांगलीहून, साताऱ्याहून किंवा कोथरूडहून उठून न्यू जर्सीत, टेक्ससात, कॅलिफोर्नियात स्थिरावलेल्या मराठी जोडप्याची खरी गृहस्थी सुरू होते ती इथून. पहिली दोन मुलं हौशीत वाढतात. तिसऱ्याला मात्र नियोजन लागतं, आणि नियोजन म्हटलं की फ्रिजवर रंगीत तक्ता येतो, तक्त्यात प्रत्येक मुलाला एक रंग मिळतो आणि आईबापांसाठी रंग उरत नाही.

आता कुणीतरी म्हणणारच, की तीन मुलं म्हणजे काय मोठं कुटुंब झालं? आमच्या पणजीला अकरा होती, आणि तिच्या तोंडून कधी तक्रार निघाली नाही. असं सांगणारा एक गृहस्थ प्रत्येक बारशाला हजर असतो. पणजीच्या अकरा मुलांपैकी किती जगली हे त्याला विचारू नये आणि पणजीची तक्रार ऐकायला कोण बसलं होतं हेही विचारू नये. समारंभाचा विरस होतो. पण त्याच्या आक्षेपाला उत्तर द्यायला हवं, आणि ते असं आहे : कुटुंब मोठं की लहान हे घरात खाणारी तोंडं किती यावर ठरत नाही, त्या तोंडांच्या वाट्याला मोकळे हात किती येतात यावर ठरतं. वाड्यात अकरा मुलं होती, तशी आजी होती, दोन काकू होत्या, एक आत्या होती, शेजारच्या बिऱ्हाडातली मावशी होती आणि मुलांतलीच थोरली दोन धाकट्यांना सांभाळायला होती. हिशेब मांडला तर एकेका लहान पोरामागे एक माणूस सहज निघतं. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या घरात तीन मुलं आणि हात चार. त्यांतले दोन हात सकाळी आठच्या गाडीने न्यूयॉर्कला जातात आणि उरलेले दोन घरून काम करतात, म्हणजे कीबोर्डवर असतात. या हिशेबाने वाड्यातलं कुटुंब आटोपशीर होतं आणि एडिसनमधलं अवाढव्य आहे.

गाडीचा मुद्दा मी गमतीने काढला असं वाटलं असेल, पण त्यामागे चांगलं भक्कम संशोधन आहे. लहान मुलाला गाडीत वेगळ्या आसनात बांधून बसवलं पाहिजे असा कायदा अमेरिकेत पहिल्यांदा टेनेसी राज्याने १९७७ मध्ये केला आणि १९८५ पर्यंत सगळ्या राज्यांनी तो उचलला. मग ही बंधनाची वयं वाढत वाढत अनेक ठिकाणी आठ वर्षांपर्यंत गेली. हे आसन, म्हणजे कार सीट, ही वस्तू ज्यांनी पाहिली नाही त्यांनी एवढंच लक्षात घ्यावं, की आत बसणारा जीव जितका लहान तितकं ते सिंहासन मोठं असतं. साध्या गाडीच्या मागच्या सीटवर अशी दोन सिंहासनं बसतात. तिसरं बसवायला जावं तर दार लागत नाही. जॉर्डन निकर्सन आणि डेव्हिड सॉलोमन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये याच गोष्टीचा हिशेब मांडला. त्यांचा अंदाज असा, की १९८० पासून या कायद्यांमुळे अमेरिकेत सुमारे १,४५,००० मुलं जन्मालाच आली नाहीत. एकट्या २०१७ सालात या कायद्यांनी अपघातातली ५७ मुलं वाचवली, आणि त्याच वर्षी सुमारे ८,००० तिसरी मुलं दाराबाहेरच राहिली. हा नुसता योगायोग कशावरून नाही? तर हा परिणाम फक्त गाडी असलेल्या घरांतच दिसतो. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना तिसरं मूल पूर्वीसारखंच होत राहिलं.

रघुनाथ धोंडो कर्व्यांची इथे आठवण होते. या माणसाने १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, अश्लीलतेचे खटले सोसले, नोकरी गमावली, आणि तरी मराठी माणसाच्या घरचा पाळणा काही थांबेना. कर्वे तर्काने पटवून द्यायला गेले, हीच त्यांची चूक. मागच्या सीटची रुंदी त्यांच्या हाती असती तर एकही लेख न लिहिता काम झालं असतं. अर्थात आपल्याकडे तेही कठीणच होतं. तीन आसनी रिक्षात दहा मुलं, दहा दप्तरं आणि दहा पाण्याच्या बाटल्या घेऊन वेळेवर शाळा गाठणारे रिक्षावाले काका ज्या देशात आहेत, तिथे कुठलाही भूमितीचा सिद्धान्त टिकत नाही. काकांच्या या कसबाचं मी समर्थन करत नाही, धोका उघड आहे. पण मोकळ्या हातांच्या यादीत त्यांचं नाव घालायचं राहिलं होतं. परदेशी गेलेल्या आईबापांना काका मागे राहिल्याची जाणीव पहिल्याच सोमवारी होते. मोठ्याची शाळा साडेआठला, मधल्याची आठला, धाकटीची सव्वानऊला. हा त्रास मुद्दाम दिलेला नसतो. त्याच पिवळ्या बसगाड्यांना तीन फेऱ्या मारता याव्यात म्हणून अनेक गावांत शाळांच्या वेळाच पायऱ्यापायऱ्यांनी लावलेल्या असतात. त्यात कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा करून ठरवलं, की वाढत्या वयाच्या मुलांना झोप हवी, तेव्हा हायस्कूल साडेआठच्या आधी भरवायचं नाही. मुलं झोपतात. आईबाप सकाळी तीन वेळा दार उघडून उभे राहतात, आणि मधल्या वेळात तीन वेगवेगळे डबे भरतात. मराठी स्वयंपाकातून शेंगदाण्याचं कूट काढलं तर मागे काय उरतं, हा प्रश्न कुठल्याही पाककलेच्या पुस्तकाने विचारला नव्हता. अनेक अमेरिकन शाळांच्या नियमपत्रकाने शेंगदाण्यावर बंदी घालून तो विचारला आहे. साबुदाण्याची खिचडी, भरली वांगी, कोशिंबीर, चटणी, सगळ्यांना वर्गात प्रवेशबंदी.

जागेचंही असंच. १९९१ मध्ये अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याच्या कायदेविषयक प्रमुखांनी, फ्रँक कीटिंग यांनी, एक टिपण काढलं, आणि तेव्हापासून एका झोपायच्या खोलीत दोन माणसं हा सर्वसाधारणपणे वाजवी हिशेब मानला जातो. पाच माणसं म्हणजे तीन खोल्या, हे घरमालक तोंडावर न म्हणता कागदावर दाखवतो. हॉटेलवालाही चारांवर माणूस निघालं की दुसरी खोली देऊ करतो. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत आठ-दहा माणसांचा संसार दोन-दोन पिढ्या चालला, तो या हिशेबाने चाललाच नसेल असं मानावं लागेल.

पण जागा आणि गाडी पैशाने सुटतात. हात सुटत नाहीत. पूर्वीच्या घरातला सर्वांत स्वस्त हात थोरल्या बहिणीचा होता. दहा वर्षांची ताई कडेवर भावंड घेऊन लगोरी खेळायची. मेरीलँडच्या कायद्यात आठ वर्षांखालच्या मुलाला एकटं सोडता येत नाही, आणि त्याला ज्याच्या हवाली करायचं तो माणूस निदान तेरा वर्षांचा असावा लागतो. म्हणजे मेरीलँडमध्ये ताई बेकायदा आहे. युटा राज्याला २०१८ मध्ये वेगळा कायदा करून सांगावं लागलं, की सुजाण मूल एकटं चालत शाळेत गेलं तर ती आईबापांची हेळसांड समजू नये. आपल्याकडे मूल शाळेत चालत गेलं नाही तर हेळसांड समजत असत.

दुसरा हात आजीचा, आणि इथे तर प्रत्यक्ष मानवजातीची उत्क्रांती आपल्या बाजूने साक्ष देते. टांझानियातल्या हाडझा लोकांत क्रिस्टन हॉक्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी पाहिलं, की मुलाची आई तान्ह्यात गुंतली की मधल्या पोरांना कंद खणून घालते ती आजी. त्यावरून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडणी केली, की मूल होण्याचं वय उलटल्यावरही बायका इतकी वर्षं जगतात त्याचं कारण नातवंडं असावीत. सारा हर्डी यांनी २००९ च्या पुस्तकात पुढे जाऊन म्हटलं, की माणसाचं मूल एकट्या आईने वाढवण्यासाठी घडलेलंच नाही. म्हणजे हजारो पिढ्या खपून निसर्गाने आजी घडवली. आणि विमानतळावरचा अधिकारी तिच्या पासपोर्टवर नजर टाकून तिला सहा महिने देतो. पर्यटक व्हिसावर साधारण तेवढीच मुदत मिळते, आणि तिच्यापुढे उत्क्रांतीचं काही चालत नाही. म्हणून तिथल्या मराठी घरांत सत्तावाटप असतं : पहिले सहा महिने बाळाच्या आईकडचे आजी-आजोबा, पुढचे सहा महिने बाबांकडचे. महाराष्ट्राच्या राजकारणात अडीच-अडीच वर्षांचं असंच काहीतरी ठरत असतं, पण या घरांत दिलेला शब्द पाळला जातो, कारण परतीचं तिकीट आधीच काढलेलं असतं. आजी येताना डिंकाचे लाडू, भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला आणते, आणि घराला हात मिळतात. पाय मात्र मिळत नाहीत. उपनगरात पदपथ नाही, बस नाही, आणि आजीला गाडी येत नाही. त्यामुळे सहा महिने ती घरातल्या घरात सत्ता गाजवते, आजोबा मधल्या नातवाला आपल्या पद्धतीचा भागाकार शिकवतात आणि शाळेतल्या बाई तो खोडून परत पाठवतात.

यावर पहिला आक्षेप यंत्रांचा. कपडे यंत्र धुतं, भांडी यंत्र घासतं, केर काढायला चकती फिरते, मग दमायला होतं कशाने? रूथ श्वार्ट्झ कोवान या इतिहासकार बाईंनी याचं उत्तर १९८३ मध्येच ‘मोअर वर्क फॉर मदर’ या पुस्तकात देऊन ठेवलं आहे. त्यांचं म्हणणं, घरगुती यंत्रांनी वाचवले ते कष्ट बरेचसे बापाचे, मुलांचे आणि नोकरांचे. ते सगळे कामातून मोकळे झाले आणि उरलेलं आईच्या एकटीच्या अंगावर आलं. वर स्वच्छतेची अपेक्षाही वाढली. विहिरीवर धुणं होतं तेव्हा सदरा चार दिवस चालायचा. यंत्र आलं आणि मुलाने एका दिवसात तीन कपडे बदलायची पद्धत पडली. धुणारं यंत्र घरोघर आहे, घड्या घालणारं नाही. आणि भांड्यांच्या यंत्रात आपली कढई, कुकर आणि पोळीचा तवा घालायचा धीर अजून कुणाला होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे : हात विकत घ्यावेत. पाळणाघर आहे, सांभाळायला येणारी बाई आहे. हे खरं, पण पगारी हात आणि मोकळा हात यांत फरक आहे. कॅलिफोर्नियाच्या पाळणाघरांत चार तान्ह्यांमागे निदान एक माणूस ठेवावं असा नियम आहे. या नियमाने तीन मुलांची आई अजून एका मुलाची जागा रिकामी ठेवून बसलेली आहे. मात्र पाळणाघरातली बाई त्याच वेळी कुकर लावत नसते आणि कॅमेऱ्यासमोर बसून तिमाही अहवालही सांगत नसते. शिवाय संध्याकाळी दार बंद व्हायच्या वेळेला पोचलं नाही तर अनेक ठिकाणी मिनिटामिनिटाला दंड चढतो. मुख्य म्हणजे हे हात ताप आला की मागे घेतले जातात. थर्मामीटर १००.४ च्या वर गेला की मूल घरी, आणि ताप उतरून चोवीस तास झाल्याशिवाय परत नाही. एक मूल असेल तर तीन दिवसांत निभावतं. तीन असली की आजार शिस्तीत ओळ लावून येतो, मोठ्याचा मधल्याला, मधल्याचा धाकटीला, आणि धाकटी बरी होते तोवर मोठा दुसरा काहीतरी घेऊन येतो. रजेवर भिस्त ठेवावी तर १९९३ चा अमेरिकन कायदा वर्षाला बारा आठवडे देतो, बिनपगारी, आणि तेही पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या कंपनीत. भारतात २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांना सव्वीस आठवडे पगारी रजा मिळते आणि तिसऱ्याला बारा. अमेरिका पहिल्या मुलापासूनच सगळ्यांना तिसरं समजते, आणि पगारही कापून घेते.

तिसरा आक्षेप मला स्वतःला आवडतो. अमेरिकेतच पेनसिल्व्हेनियात आमिश लोक राहतात. वीज जोडून घेत नाहीत, मोटार बाळगत नाहीत, आणि घरटी सहा-सात मुलं वाढवतात, इतकी की त्यांची लोकसंख्या वीसेक वर्षांत दुप्पट होते. त्यांना कसं जमतं? एक तर घोडागाडीत मागची सीट मोजायला कुणी येत नाही. पण खरं कारण वेगळं आहे. ते युरोपातून आले तेव्हा घरादाराची, नात्यागोत्याची, उपासनेची सगळी गाठोडी बरोबर घेऊन आले. त्यांची काकू आजही दोन शेतं ओलांडली की भेटते. ते देश सोडून आले, घरापासून दूर मात्र कधी गेलेच नाहीत. आपल्याकडे गिरणगावात असंच होतं. रत्नागिरीची आख्खी वाडी चाळीच्या एका मजल्यावर उतरायची, त्यामुळे चाकरमान्याचं पोर रडलं तर उचलायला गावचंच माणूस असे. दूरपणा मैलांवर मोजायचा नसतो, हे आमिश आणि गिरणगाव दोघांनीही सिद्ध केलं आहे. अमेरिकेतल्या मराठी माणसालाही ते कळत असावं. महाराष्ट्र मंडळं आणि १९८१ मध्ये निघालेलं बृहन्महाराष्ट्र मंडळ संस्कृती टिकवण्यासाठी आहेत असं स्मरणिकेत छापलेलं असतं, आणि ते खोटं नाही. पण रविवारच्या मराठी शाळेबाहेर मोटारीत डोळे मिटून पडलेले पालक पाहिले, की संस्कृतीला दीड तास दुसऱ्याच्या हवाली करण्यातही एक समाधान असतं हे ध्यानात येतं.

एवढं वाचून कुणी म्हणेल, की हे सगळं फिरून एकत्र कुटुंबाच्या आरतीवर येणार. येत नाही. वाड्यातल्या त्या मोकळ्या हातांत लाल आलवणातल्या विधवा आत्याचे हात होते. ते मोकळे नव्हते, त्यांना दुसरं काही करायची मुभा नव्हती. ताईची शाळा चौथीत सुटली ती धाकट्यांसाठी. पणजीची अकरा मुलं ज्यांनी सांभाळली त्यांना कुणी पगार दिला नाही आणि कुणी विचारलंही नाही. तेव्हा परदेशातल्या आईबापांची दमछाक खरी असली, तरी तिच्यातला काही भाग म्हणजे पूर्वी दुसऱ्या कुणाच्या नावावर चढवलेलं कर्ज आता आपल्या नावावर आलं आहे. आणि त्यातून एक चांगली गोष्ट घडली, जी पुण्यामुंबईत भाषणांनी घडत नव्हती. जिथे पोळ्यांची बाई नाही, वहिनी नाही, आईही सहाच महिने आहे, तिथे मराठी पुरुष दोन वेण्या घालायला शिकला. भांगाची रेघ सरळ येत नाही, पण शाळेच्या फोटोत कुणी पाठीमागून पाहत नाही. हाच गृहस्थ तीन आठवड्यांच्या सुट्टीवर भारतात आला, की पहिल्या दिवसापासून पाण्याचा पेला हातात मागतो, हे त्याच्या बायकोच्या बारीक नजरेतून सुटत नाही.

राहता राहिली पडद्यावरची आजी. टेबलावर डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमधून ती गोष्ट सांगते आणि पोरं जेवतात. ही आजी व्हिसा मागत नाही. ती फक्त घड्याळ मागते. उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे सात म्हणजे पुण्यात दुपारचे साडेचार. म्हणजे तिथे आजी मिळते ती डब्यांच्या धांदलीत, जेव्हा गोष्ट ऐकायला कुणालाच वेळ नसतो. रात्रीच्या जेवणाला मात्र तिच्याकडे पहाटेचे साडेतीन असतात. कॅलिफोर्नियात संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा पुण्यात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा झालेले असतात, आजी चहाचा कप घेऊन ताजीतवानी बसलेली असते आणि वरणभाताची वेळ बरोबर जुळते. त्यामुळे मैलांच्या हिशेबाने काहीही असो, तीन मुलांच्या घराला पुणं कॅलिफोर्नियाहून जास्त जवळ पडतं. तिथल्या घरांच्या किमती लोकांना अवाजवी वाटतात, पण त्यात संध्याकाळची आजी धरलेली नसते. अडचण एकच. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासभर मागे घेतात आणि पुण्यात आजी घेत नाही. ती नेहमीसारखी साडेसहाला फोन लावते, तिथे पाचच वाजलेले असतात, पोरं अजून पोहण्याच्या क्लासमध्ये असतात, आणि मार्चपर्यंत नातवंडं वेळेवर जेवायला बसत नाहीत अशी आजीची तक्रार चालू राहते.